शिक्षकांचे शिक्षण : महाविद्यालयीन अध्यापनाची गुणवत्ता आणि समाजाचे दायित्व

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या भाषणाचा संकलित भाग)



जैन परंपरेत आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांपैकी शास्त्रदान, म्हणजेच ज्ञानदान, या विषयावर समाजाने सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत भरघोस खर्च केलेला आहे. वसतिगृहे, शाळा, महाविद्यालये, शिष्यवृत्त्या यांची गणना करावयाची झाल्यास ही स्मरणिका अपुरी पडेल. तथापि या सर्व दानात एक घटक बहुधा उपेक्षित राहिला. विद्यार्थ्यासाठी शिष्यवृत्ती झाली, वर्गासाठी इमारत झाली. परंतु त्या वर्गात उभा राहून शिकविणाऱ्याच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. आजचे विवेचन त्या एका प्रश्नापुरतेच मर्यादित आहे.

प्राथमिक शाळेत शिकविण्यासाठी डी.एड., माध्यमिक शाळेत शिकविण्यासाठी बी.एड. ही अट सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु महाविद्यालयात शिकविणाऱ्यासाठी अशी कोणतीही अध्यापनाची पदवी आवश्यक नाही. पदव्युत्तर पदवी, त्यानंतर नेट किंवा सेट परीक्षा अथवा पीएच.डी. ही पात्रता विषयाच्या ज्ञानाची साक्ष देते. ते ज्ञान ऐंशी विद्यार्थ्यांच्या वर्गापर्यंत कसे पोहोचवावे, याची साक्ष देत नाही. काल परीक्षेचा पेपर लिहिणारा तरुण आज व्यासपीठावर उभा राहतो आणि आपल्या प्राध्यापकांनी जसे शिकविले, तसेच तोही शिकवू लागतो. चांगला गुरू लाभला असेल तर ठीक. अन्यथा जुन्या वहीतील टिपणे सांगण्याची प्रथा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जशीच्या तशी जाते.

ही उणीव फार पूर्वी ज्यांनी ओळखली, त्यांचे नाव साताऱ्याशी एकरूप झालेले आहे. कुंभोज येथे जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये संस्थेचे कार्यस्थान साताऱ्यास आणले. वसतिगृहातील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून सौ. लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले, ही कथा घरोघरी सांगितली जाते. मात्र त्यांच्या कार्यातील एका क्रमाकडे फारसे लक्ष दिले जात नाही. साताऱ्यातील छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ साली सुरू झाले आणि कराडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज १९५४ साली. परंतु शिक्षक घडविणारे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज त्यांनी १९३५ सालीच सुरू केले होते. पुढे १९५५ मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन साताऱ्यात निघाले. स्वतः महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या या पुरुषाने महाविद्यालयाच्या आधी बारा वर्षे शिक्षकांचे विद्यालय काढले. खेड्यापाड्यांत शाळा पसरावयाच्या तर आधी शिक्षक तयार हवा, हा त्यामागील सरळ हिशेब होता.

१९१९ या वर्षीच सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. ते ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे, तिची परंपरा आजीव सदस्यांची. नामदार गोखल्यांसारख्या विद्वानांनी अल्प वेतनावर फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केले, ते याच परंपरेतून. त्या काळी प्रशिक्षणाची व्यवस्था नव्हती. परंतु ज्येष्ठांच्या सहवासात कनिष्ठ अध्यापक घडत असे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात १९३० पासून अर्धमागधी शिकविणारे डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे उदाहरण समाजास ठाऊक आहे. अध्यापन करीत असतानाच त्यांनी १९३५ मध्ये आचार्य कुंदकुंदांच्या 'प्रवचनसारा'ची संशोधित आवृत्ती सिद्ध केली. अध्यापकाचे स्वतःचे अध्ययन अखंड चालू असले म्हणजे त्याच्या अध्यापनाला कशी धार येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

१९६२ साली कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली आणि सातारा, सांगली, कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. महाविद्यालयांची संख्या वाढली, अध्यापकांचीही वाढली. सहवासातून अध्यापक घडविण्याची जुनी रीत या विस्ताराला पुरेनाशी झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून निवडक विद्यापीठांत अकॅडमिक स्टाफ कॉलेज सुरू केली. नव्या अध्यापकांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि अनुभवी अध्यापकांसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, अशी त्यांची मूळ रचना होती. २०१५ मध्ये या केंद्रांना मानव संसाधन विकास केंद्र हे नाव मिळाले आणि २०२३ पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. अभियांत्रिकी शिक्षणात तर ही जाणीव आणखी आधीची आहे. १९७० साली सुरू झालेल्या गुणवत्ता सुधार कार्यक्रमाने प्रादेशिक महाविद्यालयांतील अध्यापकांना आयआयटीसारख्या संस्थांत एम.टेक. व पीएच.डी. करण्याची वाट मोकळी करून दिली.

व्यवस्था आहे, मग उणीव कोठे राहिली? याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावयास हवे.

पहिली उणीव अशी की, हे वर्ग पदोन्नतीशी जोडले गेले. वेतनश्रेणीतील पुढची पायरी गाठण्यासाठी प्रमाणपत्र आवश्यक झाले आणि शिकण्यापेक्षा प्रमाणपत्राचे महत्त्व वाढले. २०१० च्या नियमावलीने अध्यापकाच्या कामाला गुणांकाच्या पट्टीने मोजावयास प्रारंभ केला, तेव्हा परिसंवाद, शोधनिबंध आणि नियतकालिके यांचा महापूर आला. त्यातील किती लेखन कोणी वाचले, हा प्रश्न न विचारलेलाच बरा. २०१८ च्या नियमावलीने महाविद्यालयीन अध्यापकांसाठी ती पट्टी बरीच सैल करून प्रत्यक्ष अध्यापनाला अधिक वजन दिले, हे योग्यच झाले. १९९४ साली स्थापन झालेल्या नॅकच्या मूल्यांकनाविषयीही हेच म्हणता येईल. या सभागृहात कापडाची पारख असणारे अनेकजण आहेत. ठाणावरील छाप कितीही आकर्षक असली तरी रंग पक्का की कच्चा, हे पहिल्या धुण्यातच कळते. महाविद्यालयाची श्रेणी ही छाप आहे. सोमवारी सकाळच्या पहिल्या तासाला वर्गात काय घडते, ते धुणे आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. गेल्या अनेक वर्षांत महाराष्ट्रात अध्यापकांची भरती वारंवार रखडली आणि रिक्त जागांवर तासिका तत्त्वावर नेमणुका होऊ लागल्या. या अध्यापकांपैकी अनेकजण नेट-सेट उत्तीर्ण आहेत, काही पीएच.डी. आहेत. जितके तास घेतले तितकेच मानधन, सुटीच्या काळात काहीच नाही आणि पुढील वर्षी नेमणूक होईल की नाही, याची शाश्वती नाही. ज्याला पदोन्नतीच नाही, त्याला प्रशिक्षणास कोण पाठविणार? आणि चार दिवस तास बुडाल्यास चार दिवसांचे मानधन बुडते, तेव्हा तो स्वतः तरी कसा जाणार? विकासाच्या सर्व योजना कायम सेवेतील अध्यापकाला समोर ठेवून आखल्या जातात. पदवीच्या पहिल्या वर्षातील मुले मात्र अनेक ठिकाणी या अस्थिर नेमणुकीच्या तरुणाकडूनच शिकतात. ज्या मुलास सर्वांत अधिक आधाराची गरज, त्याच्यासमोर सर्वांत कमी आधार लाभलेला अध्यापक उभा आहे. ज्यांना परवडते ते पालक मुलांना पुण्यास पाठवितात. ज्यांना परवडत नाही, त्यांच्या मुलांसाठी गावातील महाविद्यालय हेच पहिले आणि शेवटचे दार असते.

परिस्थिती निराशाजनकच आहे, असे मात्र नाही. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयास २००७ साली स्वायत्तता मिळाली. २०२१ मध्ये रयत शिक्षण संस्थेच्या साताऱ्यातील तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ अस्तित्वात आले. अभ्यासक्रम काय असावा आणि परीक्षा कशी घ्यावी, हे ठरविण्याचा अधिकार जेथे गावातच आला, तेथे उत्तरदायित्वही गावातच आले. यापुढे दोष दूरच्या विद्यापीठावर ढकलता येणार नाही.

मग समाजाने आणि त्याच्या विश्वस्त संस्थांनी काय करावे? भरती करणे, वेतन देणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि ते शासनानेच पार पाडले पाहिजे. परंतु काही गोष्टी अल्प खर्चात स्थानिक पातळीवर निश्चित होऊ शकतात.

पहिली गोष्ट, तासिका तत्त्वावरील अध्यापकांसाठी प्रशिक्षणवृत्ती. प्रशिक्षणाच्या दिवसांचे बुडणारे मानधन आणि प्रवासखर्च एवढे जरी दिले, तरी त्यांच्यापुढील मुख्य अडथळा दूर होईल.

दुसरी, निवृत्त प्राध्यापकांचे मार्गदर्शन. दोन्ही जिल्ह्यांत तीस-तीस वर्षे अध्यापन केलेली माणसे आहेत. त्यांनी नव्या अध्यापकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसावे आणि नंतर एकांतात, दोष काढण्याच्या हेतूने नव्हे, तर वडीलकीच्या नात्याने चार गोष्टी सांगाव्यात. ही निरीक्षणे सेवापुस्तकात किंवा अहवालात जाऊ नयेत. भीती आली की शिकणे थांबते.

तिसरी, सातारा आणि सांगली येथील महाविद्यालयांनी मिळून एकेका विषयाच्या अध्यापकांची बैठक सत्रातून एकदा घ्यावी. हिशेबशास्त्रातील अमुक घटक मुलांना का अवघड जातो, तो कोणी कसा शिकविला, एवढ्याच प्रश्नावर अर्धा दिवस चर्चा व्हावी. हारतुरे आणि सत्कार त्यात नसावेत.

चौथी, विद्यार्थ्यांचे अभिप्राय. ते आज बहुतेक ठिकाणी घेतले जातात आणि मूल्यांकनाच्या फायलीत जातात. ते सत्राच्या अखेरीस घेतल्यास त्या मुलांना त्यांचा काहीच लाभ होत नाही. सत्राच्या मध्यावर घ्यावेत आणि प्रथम त्या अध्यापकाच्याच हाती द्यावेत.

इमारतीस दिलेल्या देणगीची कोनशिला बसते. अध्यापकाच्या प्रशिक्षणास दिलेल्या देणगीची कोठेच शिला बसत नाही. कदाचित त्यामुळेच या दानाकडे वळणारे हात थोडे आहेत. परंतु एक अध्यापक तीस वर्षांत हजारो विद्यार्थ्यांसमोर उभा राहतो. त्याच्या अध्यापनात झालेली सुधारणा त्या प्रत्येकापर्यंत पोहोचते. देणाऱ्याचे नाव ज्याला ठाऊक नाही, त्यालाही जे पोहोचते, ते दान शास्त्रात श्रेष्ठ मानलेले आहे.

कर्मवीरांनी आधी शिक्षक घडविला आणि नंतर महाविद्यालय काढले. संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांचा संकल्प करताना विश्वस्त मंडळाने हा क्रम स्मरणात ठेवावा आणि या सुवर्णमहोत्सवी निधीतील काही अंश, थोडा का होईना, दरवर्षी अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा, ही नम्र सूचना सभेपुढे ठेवण्यात येत आहे.

जय जिनेंद्र.