हत्तीरोगाच्या जंताची ढाल



आपल्या वर्धा जिल्ह्याला हत्तीरोग नवा नाही. रोग करणारा जंत दोऱ्यासारखा. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब. डासाच्या चाव्यातून तो शरीरात येतो आणि लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षे बिऱ्हाड करून राहतो. मग प्रश्न पडतो, की शरीर त्याला राहू कसे देते?

शरीर स्वस्थ बसत नाही, बरे का! रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला घेरतात आणि प्राणवायूचीच जहाल रूपे त्याच्यावर सोडतात. ज्या प्राणवायूवर आपण जगतो, त्याचीच ही रूपे पेशी जाळतात. त्यांतले हायड्रोजन पेरॉक्साइड तुमच्या ओळखीचे आहे. जखमेवर टाकताच फसफसते ना, तेच.

पण जंत पुरून उरतो. त्याच्याजवळ सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचे विकर असते. सुपरऑक्साइड हे पहिले जहाल रूप. त्याचे ते पेरॉक्साइड करते. एवढ्याने भागत नाही, कारण पेरॉक्साइडही जाळणारेच. मग पेरॉक्सिरेडॉक्सिन हे दुसरे विकर त्याचे चक्क पाणी करून टाकते! तरीही जी जळझळ होते, तिचा विषारी कचरा ग्लुटाथायोन-एस-ट्रान्स्फरेज हे तिसरे विकर ग्लुटाथायोनला बांधून निकामी करते.

या तिसऱ्या विकरावर आपल्याच जिल्ह्यात काम झाले आहे. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ साली सुरू झाली. तिथे डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोगाचा पुष्कळ अभ्यास केला. जनावरांत आढळणाऱ्या सेटारिया या भाऊबंद जंताचे हे विकर घेऊन केलेले त्यांचे प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत बनारसचे संशोधकही होते. ढालीवरच घाव घालणारी लस करता येईल का, असा तो विचार. माणसासाठी लस मात्र अजून झालेली नाही.

तोवर हाती आहेत गोळ्या. त्यांतल्या डीईसीची गोष्ट नवलाची आहे. बशीत ठेवलेल्या जंतांच्या पिल्लांवर ती टाकली तर फारसे काही होत नाही. पोटात घेतली की रक्तातली पिल्ले झपाट्याने नाहीशी होतात. उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसले, की शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा जहाल वायू नीट तयार होत नसेल, तर ही गोळी चालत नाही. म्हणजे गोळी एकटी लढत नाही. शरीराच्या माऱ्यालाच ती जोर देते.

म्हणून गोळीवाटप होते तेव्हा धडधाकट माणसालाही ती देतात. गरोदर बाया, दोन वर्षांखालची लेकरे आणि फार आजारी माणसे वगळतात. “मला काय झालं?” म्हणून गोळी माठामागे ठेवणारे बरेच भेटतात, त्यांत आम्ही मास्तर मंडळीही असतो. पाय सुजलेला नसला तरी रक्तात पिल्ले असू शकतात. ती रात्रीच रक्तात उतरतात, कारण त्यांना नेणारा डास रात्री चावतो. रक्त तपासणारी माणसे रात्री दहानंतर दार वाजवतात, ती एवढ्याचसाठी.