पिशवीतली दुसरी साडी

(दिल्लीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी शिष्यवृत्ती, रोस्टर, आरक्षण, जातीचा इतिहास अशा विषयांवर मराठीत छोटे व्हिडिओ करते. तुमच्यातलेही काही जण लिहितात, रील करतात, काही जण सुरू करायच्या बेतात आहेत. अशा प्रत्येक बैठकीत एक प्रश्न येतोच : "ताई, खालच्या कमेंट तुम्ही सहन कशा करता?" आज त्यावरच बोलते.

या प्रश्नाचं आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे. सावित्रीमाईंवर शेण-चिखल फेकला गेला, त्या डगमगल्या नाहीत, तूही डगमगू नकोस. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण गोष्ट अर्धीच सांगितली जाते. पुण्यात शाळेत जाताना सावित्रीमाई सोबत दुसरी साडी नेत आणि शाळेत पोचल्यावर बदलत, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत येते. आजही शेण पडणार, हे धरूनच त्या घराबाहेर पडत होत्या. त्यात धैर्य होतं आणि तयारीही होती. आपण धैर्य पाठ केलं आणि साडी विसरलो. म्हणून मी सहनशक्तीबद्दल बोलणार नाही, तयारीबद्दल बोलणार आहे.

आधी कमेंट नीट वाचू. उघड शिवी ओळखायला सोपी असते. पण आपल्याला येणाऱ्या कितीतरी कमेंटमध्ये शिवी नसतेच. "आडनाव काय?" "रँक किती होती?" "सरकारचे जावई." बाहेरच्या माणसाला यात काही वावगं दिसणार नाही. आपल्याला मात्र पहिल्या दोन शब्दांतच पुढचं सगळं ऐकू येतं. फेसबुक, यूट्यूब यांच्या द्वेषविरोधी नियमांत जातीचा उल्लेख आहे. पण 'आडनाव काय' यातला डंख यंत्राला कळत नाही. रोमन लिपीत, मुद्दाम अक्षरं बदलून लिहिलेली मराठी शिवीही अनेकदा त्याच्या हातून निसटते.

म्हणून पहिली तयारी शब्दांची. यूट्यूबवर अडवायच्या शब्दांची यादी आपल्याला देता येते, इन्स्टाग्रामवरही तशी सोय आहे. त्या यादीत प्रत्येक शब्द देवनागरीत, रोमन लिपीत आणि वाकडातिकडा लिहूनही टाका. ही यादी एकट्याने करू नका, एकमेकांना द्या. एक काळजी मात्र घ्या. जातींची नावं यादीत टाकली, तर स्वतःची ओळख अभिमानाने सांगणाऱ्या आपल्याच माणसाची कमेंटही अडकते. अडकलेल्या कमेंट कुणीतरी तपासल्याच पाहिजेत.

ते 'कुणीतरी' म्हणजे दुसरी तयारी. ज्याच्यावर चिखल पडतो त्यानेच तो रोज चाळत बसावं, असा नियम नाही. यूट्यूबवर पासवर्ड न देताही दुसऱ्या व्यक्तीला कमेंट सांभाळायला नेमता येतं. दोघातिघांनी आठवडे वाटून घ्या. तुम्ही माझ्या कमेंट वाचा, मी तुमच्या वाचते. दुसऱ्याला दिलेली शिवी वाचतानाही राग येतो, पण ती छातीत घर करत नाही.

तिसरी तयारी घरची. आपण घरातले पहिले पदवीधर. आपले इंग्रजी लेख घरात कुणी वाचत नाही, मराठी व्हिडिओ मात्र आई-वडील कौतुकाने पाहतात आणि खाली सरकत सरकत कमेंटही वाचतात. माझी आई वाचते. त्या माणसांना आपण ओळखत नाही, ते आपल्या घरापर्यंत येणार नाहीत, आणि खरी धमकी आली तर काय करायचं हे आपण ठरवलेलं आहे, हे घरी आधीच सांगा. नाहीतर "बंद कर ते" हा शब्द शेवटी घरातूनच येतो, आणि तो भीतीपोटी येतो.

आता उत्तर कुणाला द्यायचं? खरा प्रश्न विचारणाऱ्याला जरूर द्या, प्रश्न तिखट असला तरी. चळवळीतली मुलगी आपल्याला पितृसत्तेबद्दल टोकते, एखादा भटका-विमुक्त कार्यकर्ता 'आमचा उल्लेखच नाही' म्हणतो, ती कमेंट लपवायची नाही. मेरिटचं दळण दळणाऱ्यांसाठी एकच सविस्तर उत्तर करून वर टाचून ठेवा. शिवी देणाऱ्याशी वाद नको, त्याची नोंद हवी.

"कमेंट उडवली, म्हणजे चर्चेला घाबरली," असं म्हणतील. त्यांना म्हणू द्या. १९२० साली 'मूकनायक' निघालं तेव्हा 'केसरी'ने पैसे देऊ केले असतानाही त्याची जाहिरात छापली नाही. जागा त्यांची होती, त्यांनी दार लावलं. आज ही छोटीशी जागा आपली आहे. तिथे प्रश्नाला बसायला जागा द्यायची आणि शिवीला दार दाखवायचं, एवढं ठरवण्याचा हक्क आपल्यालाही आहे. आणि हे आपल्या एकट्यासाठी नाही. जिने अजून पहिला व्हिडिओ टाकलेला नाही, ती मुलगी आपल्या व्हिडिओखालच्या कमेंट वाचून टाकायचा की नाही ते ठरवते. शिवी देणाऱ्याला गप्प करायचं असतं ते तिलाही.

शेवटची तयारी कायद्याची. काहीही उडवण्याआधी पुरावा ठेवा : स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ, कमेंटची आणि प्रोफाइलची लिंक. नाव बदलता येतं, म्हणून नुसत्या नावाचा फोटो पुरत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला लोकांसमोर जातीवाचक शिवी देणं किंवा अवमानाच्या हेतूने जाणूनबुजून अपमान करणं हा गुन्हा आहे. इंटरनेटवरचा अपमानही त्यात येऊ शकतो, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं, की अपमान जातीच्या ओळखीवरून झालेला असला पाहिजे. म्हणून शिवीतला जातीचा संदर्भ जपून ठेवा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याखाली एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. तुम्ही गावापासून दूर आहात, तरी कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येते. अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ आहे. ओबीसी आणि या दोन सूच्यांत नसलेल्या भटक्या-विमुक्त मित्रांना हा कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी भारतीय न्याय संहितेतलं धमकीचं कलम ३५१ आणि गटागटांत द्वेष पसरवण्याचं कलम १९६ आहे. मुलींच्या वाट्याला जातीबरोबर शरीरावरूनही शिव्या येतात, त्यासाठी कलम ७९ आहे.

प्रत्येक कमेंटवर तक्रार होणार नाही, आणि प्रत्येक तक्रारीला न्याय मिळेल असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण नोंद असेल तर निर्णय आपल्या हातात राहतो.

आणि एवढं करूनही झोप उडाली, तर आठवडाभर थांबा. थांबणं म्हणजे चळवळीशी गद्दारी नव्हे. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

आता एक काम करू. उठण्याआधी तिघातिघांचे गट करा, कुणाच्या कमेंट कोण वाचणार ते ठरवा, आणि शब्दांच्या यादीतले पहिले दहा शब्द इथेच लिहा.

जय ज्योती, जय सावित्री, जय भीम.