डिझेलचा हिशेब आणि शेतकरी गटाचे काम

(शेतकरी गटांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



आज मी आपल्याशी कोणत्याही एका पिकाविषयी बोलणार नाही. प्रत्येक पिकाच्या उत्पादन खर्चात जे मुरलेले असते, पण आपल्या वहीत स्वतंत्र ओळीवर क्वचितच दिसते, त्या खनिज तेलाविषयी बोलणार आहे. बियाणे किती लागले, खताच्या किती गोण्या टाकल्या, हे आपण चटकन सांगतो. एक क्विंटल गव्हामागे डिझेल किती जळाले असे विचारले, तर मात्र बहुतेकांना विचार करावा लागतो.

तेल शेतात कसे येते?

तेलाची एक वाट सर्वांना दिसते. ट्रॅक्टरची नांगरट, रोटाव्हेटर, विहिरीवरचे इंजिन, मळणीयंत्र आणि मालाची वाहतूक, ही सारी कामे डिझेलवर चालतात. दुसरी वाट झाकलेली आहे. युरिया तयार करण्यासाठी अमोनिया लागतो आणि आपल्या देशात तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनवतात. या वायूचाही मोठा भाग परदेशातून येतो. म्हणजे गरजेपेक्षा जास्त टाकलेली युरियाची प्रत्येक गोणी हीसुद्धा एक प्रकारे इंधनाची नासाडीच होय.

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण आयात करतो. १९७३ मध्ये तेल उत्पादक अरब देशांनी पुरवठा रोखला, १९९० मध्ये आखातात युद्धाचे संकट उभे राहिले, २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाले. प्रत्येक वेळी जगभर तेलाचे भाव भडकले. ऑक्टोबर २०१४ मध्ये आपल्याकडे डिझेलवरील दर नियंत्रण उठले. शेतमालाचा भाव आपल्या हाती नाही, तसा डिझेलचा भावही नाही. किती लिटर जाळायचे, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

प्रथम हिशेब मांडा

गटाने कोणतेही यंत्र विकत घेण्यापूर्वी एक वही घालावी. तीत प्रत्येक सभासदाने हंगामभर तीनच गोष्टी लिहाव्यात : काम कोणते, तास किती आणि डिझेल किती लिटर.

उदाहरण घेऊ. ५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन तासाला साधारण १ लिटर डिझेल घेते. ते वर्षात ३०० तास चालले तर ३०० लिटर झाले. गावात अशी १० इंजिने असतील तर ३,००० लिटर. लिटरला ९० रुपये धरले, तर २ लाख ७० हजार रुपये दरवर्षी केवळ पाणी उपसण्यासाठी गावाबाहेर जातात. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. आपल्या गावचा खरा आकडा आपल्या वहीतूनच निघेल. तो एकदा ग्रामसभेत फळ्यावर लिहिला, की पुढची चर्चा सोपी होते.

ढुंडी गावचा अनुभव

आता शेजारच्या गुजरातकडे वळू. खेडा जिल्ह्यातील ठासरा तालुक्यात ढुंडी नावाचे गाव आहे. तेथील काही शेतकरी डिझेल इंजिनावर पाणी उपसत होते. २०१६ मध्ये त्यांच्यापैकी सहा जणांनी एकत्र येऊन सौरपंपधारकांची सहकारी संस्था सुरू केली. तिचे नाव ‘ढुंडी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी’. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्था आणि टाटा न्यास यांच्या आणंद येथील जलनीती कार्यक्रमाने त्यांना साहाय्य केले.

सौरपंप तर आज अनेक ठिकाणी दिसतात. मग ढुंडीचे वेगळेपण कशात? तेथे सहाही सभासदांचे पंप वीज कंपनीच्या तारेला जोडले. सहा जणांच्या पॅनेलची एकूण क्षमता ५६.४ किलोवॉट होती. पिकाला पाणी हवे तेव्हा पंप चालवायचा आणि नको तेव्हा तीच वीज तारेत सोडायची. मध्य गुजरात वीज कंपनीने मंडळीशी २५ वर्षांचा करार करून युनिटला ४ रुपये ६३ पैसे दर ठरवला. कंपनीचा व्यवहार प्रत्येक शेतकऱ्याशी वेगळा न होता मंडळीशी होतो. त्यामुळे मोजणी, बिल आणि देखभाल ही कामे सुलभ होतात. पुढे आणखी तीन शेतकरी सामील झाले आणि क्षमता ७१.४ किलोवॉटवर गेली.

सभासद शेजारच्या शेतकऱ्यांनाही पाणी विकतात. ज्याच्याकडे स्वतःची विहीर किंवा पंप नाही अशा लहान शेतकऱ्याला ते पाणी डिझेलच्या पाण्यापेक्षा स्वस्त पडते. म्हणजे फायदा केवळ सभासदांपुरता राहत नाही.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. या प्रयोगात पॅनेलच्या खर्चाचा मोठा भाग प्रकल्पातून आला. वीज कंपनीच्या दरावर साहाय्य करणाऱ्या संस्थेने हरित ऊर्जेसाठी युनिटला १ रुपया २५ पैसे आणि पाणी वाचवल्याबद्दल १ रुपया २५ पैसे असा बोनसही दिला. आपण आपला हिशेब करताना असा बोनस धरू नये. बोनस नसता ही व्यवस्था परवडते का, हे तपासूनच पुढे जावे.

सूर्य फुकट, पाणी फुकट नाही

या प्रयोगातून शिकण्यासारखी मुख्य गोष्ट आता सांगतो. डिझेल महाग असते, म्हणून शेतकरी इंजिन वेळेवर बंद करतो. तासाला ९० रुपये जळत असताना बांधावरून पाणी वाहू देण्याची चैन कोणी करत नाही. त्याच विहिरीवर सौरपंप बसला, की तासाचा खर्च शून्य होतो. सकाळी बटण दाबले की ऊन उतरेपर्यंत पंप चालू. तेल वाचले, पण विहिरीचा तळ दिसू लागला, तर आपण काय कमावले? एका विहिरीचे पाणी ओढले की शेजारच्या विहिरीवरही परिणाम होतो. खोल जाण्याची स्पर्धा लागते आणि त्यात लहान शेतकरी सर्वांत आधी कोरडा पडतो.

ढुंडीत काय होते ते पाहा. ५ अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण साडेचार युनिट वीज घेतो. तीच वीज विकली तर ४ रुपये ६३ पैशांनी सुमारे २० रुपये मिळतात. म्हणजे पंप विनाकारण एक तास चालवला, की शेतकऱ्याचे २० रुपये बुडाले. डिझेलच्या ९० रुपयांपुढे २० रुपये पुष्कळ स्वस्त आहेत, पण ते शून्य नाहीत. पंप थांबवण्याचे कारण शेतकऱ्याच्या स्वतःच्या हिशेबातच तयार होते.

वर्षाचा हिशेब असा. आपल्या भागात १ किलोवॉट क्षमतेचे पॅनेल वर्षाला सुमारे १,४०० युनिट वीज देते. ५ अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे ५ किलोवॉटचे पॅनेल लागते, म्हणजे ७,००० युनिट. पंप वर्षात ८०० तास चालला तर ३,६०० युनिट वापरले गेले. उरलेल्या ३,४०० युनिटचे ढुंडीच्या दराने सुमारे १५,७०० रुपये होतात. पंप तारेला जोडलेला नसेल, तर ही उरलेली वीज वाया जाते.

आपल्याकडे काय करता येईल?

केंद्र सरकारने २०१९ मध्ये पीएम-कुसुम योजना मंजूर केली. आपल्या राज्यात २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आली. या योजनेतील पंप तारेला न जोडता स्वतंत्रपणे चालतात, म्हणून त्यांची उरलेली वीज विकता येत नाही. अशा वेळी गटाला दोन कामे करता येतात.

एक, उरलेल्या विजेला काम द्यावे. सौरपंपासाठी बहुउपयोगी नियंत्रक मिळतो. तो बसवल्यास पंप बंद असताना त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी, पिठाची गिरणी यांसारखी यंत्रे चालवता येतात. अर्थात यंत्र पॅनेलच्या क्षमतेत बसणारे असावे आणि पुरवठादाराच्या हमीच्या अटी आधी वाचून घ्याव्यात.

दोन, पाण्याला जी किंमत वीज विक्रीतून मिळत नाही, ती गटाच्या नियमाने द्यावी. पंपाचे तास वहीत मांडावेत, ठरलेल्या तासांपुढे गटाच्या निधीत रक्कम भरावी. पावसाळा संपल्यावर विहिरींची पातळी मोजून मगच रब्बीचे क्षेत्र ठरवावे.

असा नियम गावात टिकेल का, ही शंका रास्त आहे. पण महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचे काम सुरू केले आणि १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठानची स्थापना केली. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या मालकीवर न ठरवता माणशी ठरवला. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क दिला आणि ऊस लावायचा नाही असे ठरवले. उपसा सिंचनाच्या योजना शेतकऱ्यांच्या गटांनीच चालवल्या. ऊर्जा कोणतीही असो, पाणी वाटून घेण्याचा नियम माणसांनीच करायचा असतो.

तेल वाचवण्याची इतर कामे

सौरपंप मिळेपर्यंत गटाने हातावर हात ठेवून बसू नये. पुढील कामे कमी खर्चात होतात.

१) पंपाची दुरुस्ती : फूटव्हॉल्व्ह अडखळत असेल, पाइप अरुंद किंवा गंजलेला असेल, अनावश्यक बेंड असतील, तर इंजिन जास्त डिझेल खाऊन कमी पाणी देते. रुंद तोंडाचा, कमी अडथळ्याचा फूटव्हॉल्व्ह आणि योग्य व्यासाचा पीव्हीसी पाइप बसवावा. इंजिन शक्य तितके पाण्याच्या पातळीजवळ ठेवावे.

२) नांगरट कमी करणे : पलटी नांगराने एक एकर नांगरण्यास जमिनीच्या प्रकारानुसार साधारण ७ ते १० लिटर डिझेल लागते. दरवर्षी खोल नांगरट करण्याची गरज प्रत्येक जमिनीला नसते. रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफे एकदा तयार करून पुढील पिके नांगरटीशिवाय घेतात आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच राहू देतात. ही पद्धत प्रथम १० गुंठ्यांवर करून पाहावी. तणांचा बंदोबस्त वेळेवर झाला नाही, तर ती फसते, हे लक्षात ठेवावे.

३) बैलजोडीचा वापर : पेरणी आणि कोळपणी ही हलकी कामे बैलांनी उत्तम होतात. एकट्याला जोडी सांभाळणे परवडत नसेल, तर दोन-तीन सभासदांनी सामाईक ठेवावी आणि कामाच्या पाळ्या आधीच ठरवाव्यात.

४) युरियाची बचत : माती परीक्षणानुसारच मात्रा द्यावी आणि ती विभागून द्यावी. सोयाबीन, तूर, हरभरा या पिकांच्या बियाण्यास रायझोबियमची प्रक्रिया करावी. प्रत्येक पिकासाठी त्याच्या गटाचे संवर्धन वापरावे. जमेल तेथे ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावा.

५) गोबरगॅस : २ घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण लागते. एवढे शेण चार-पाच मोठ्या जनावरांपासून मिळते. चार-पाच माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो, सिलिंडर वाचतो आणि स्लरीचे खत शेतात जाते. शेण गोळा करण्याचा आणि कालवण्याचा भार बहुधा घरातील स्त्रियांवर पडतो. म्हणून हा निर्णय त्यांना विचारूनच घ्यावा.

गटासाठी काही सूचना

गट लहान असावा. ज्यांच्या विहिरी एकमेकींजवळ आहेत असे सहा ते दहा शेतकरी एकत्र आले, तर पाण्याचा परिणाम सर्वांना सारखाच दिसतो. ढुंडीचीही सुरुवात सहा जणांनीच झाली. नियम थोडे असावेत, लेखी असावेत आणि मोडणाऱ्याला काय भरावे लागेल हे आधीच ठरलेले असावे. वही दर महिन्याला सर्वांसमोर वाचावी. गटप्रमुखाचे तासही तीत इतरांप्रमाणेच लिहिलेले दिसले पाहिजेत. तसे झाले नाही, तर दुसऱ्या हंगामात वही बंद पडते.

डिझेल एका वर्षात पूर्णपणे सुटेल असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. ट्रॅक्टर राहील, मालाची गाडीही राहील. पण इंजिनाचे तास, नांगरटीच्या पाळ्या आणि युरियाच्या गोण्या यांत हंगामागणिक घट होऊ शकते. ती झाली की नाही, याचा पुरावा आपल्या वहीतच असेल.

बंधू-भगिनींनो, तेलाच्या विहिरी आपल्या गावात नाहीत, पाण्याच्या आहेत. पहिल्यावरचे अवलंबन कमी करताना दुसऱ्या कोरड्या पडू द्यायच्या नाहीत, एवढी काळजी गटाने घ्यावी. येत्या रब्बीच्या पेरणीपूर्वी प्रत्येक गटाने वही घालावी, विहिरींची पातळी मोजून तिच्या पहिल्या पानावर नोंदवावी आणि पुढच्या वर्गाला येताना ती वही बरोबर आणावी. आपण ती एकत्र बसून तपासू.