वायफायचा हिशेब

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



खजिनदाराने वर्धापनदिनी जमाखर्च वाचावा आणि खाली बसावे, ही आपली रीत. तो मी वाचला. परंतु जो खर्च रुपयांत दिसत नाही, त्याविषयीही थोडे बोलावयाचे आहे. मंडळाच्या खोलीतील इंटरनेटला महिन्याला १५० जी.बी.ची मर्यादा आहे. माघात, घोडायात्रेच्या दिवसांत, ती विसाव्या दिवशीच संपत आली. लगेच बैठकीत सूचना आली की, संध्याकाळी अभ्यासाला येणाऱ्या मुलींना वायफाय बंद करावे. त्या व्हिडिओ पाहतात आणि सारे संपवतात.

या मुली कोण, हे आपणांस ठाऊक आहे. काही जणी जंगलाकडील गावांतून चिमूरला शिकावयास आल्या आहेत. त्यांच्या गावी फोनला रेंज लागेलच असे नाही. कोणाचा भरतीचा अर्ज, कोणाचा प्रवेशाचा. आणि अर्जाची मुदत काही आपल्या नव्या महिन्याची वाट पाहत नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली'चे पाठ लागत. त्यांस दूरदर्शनसंच पुरे होता, डेटा लागत नसे. अर्ज मात्र दूरदर्शनवर भरता येत नाही!

म्हणून मी म्हटले, आधी मोजू या. दुधाच्या रतिबाला वही असते, तशी एक वही केली. कंपनीच्या अ‍ॅपवर 'वापर' म्हणून आकडा असतो. तो रोज रात्री नऊला लिहावयाचा आणि कालचा त्यातून वजा करावयाचा, एवढेच. एक गोष्ट ध्यानात ठेवा. फोनमधील मोजणी बहुधा पहिल्या तारखेपासून सुरू होते, कंपनीची मात्र आपण पैसे भरले त्या दिवसापासून. दोन्ही आकडे जुळत नाहीत म्हणून उगीच भांडू नये.

वीस दिवसांची वही समोर आहे. मुली रोज येतात, आणि साध्या दिवसाचा खर्च सरासरी अडीच जी.बी. सतरा दिवसांचे झाले साधारण बेचाळीस. उरलेले तीन दिवस गुरुवारचे, म्हणजे आपल्या भजनाचे. त्या प्रत्येक दिवशी तीस! मुली तर त्या दिवशी ओसरीत बसून टाळ ऐकतात.

मग दोघीतिघींच्या फोनमध्ये सेटिंग उघडून वायफायवरचा वापर पाहिला. सर्वांत वर होते फोटो साठविणारे अ‍ॅप. घोडायात्रेचे, लग्नांचे, बारशांचे व्हिडिओ आपण फोनमध्ये घेतो. घरी डेटा कमी म्हणून ते 'वायफाय मिळाल्यावर चढव' या सूचनेवर थांबलेले असतात. खोलीत पाऊल ठेवताच पर्समधला फोन गुपचूप कामाला लागतो. स्वच्छ चित्राचा एक मिनिटाचा व्हिडिओ शंभर-सव्वाशे एम.बी.चा असतो. एकीची अर्ध्या तासाची यात्रा म्हणजे साडेतीन जी.बी.; आणि आपण वीस-पंचवीस जणी. शिवाय अ‍ॅपे आपोआप नवी होतात, ते वेगळेच.

एका भगिनीने सुचविले की जास्त वेगाची योजना घ्यावी. त्याने काय होईल? वेग म्हणजे तोटी, मर्यादा म्हणजे टाकी. तोटी मोठी केली तर टाकी लवकर रिकामी होईल. टाकी संपली म्हणजे कनेक्शन तुटत नाही, धार बारीक होते. तारेवरच्या ब्रॉडबँडचा वेग तेव्हाही ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये, असे ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपन्यांना बजावले. ५१२ म्हणजे सेकंदाला ६४ के.बी. त्या वेगाने आपला तो एक मिनिटाचा व्हिडिओ उतरावयास अर्धा तास लागेल. तीच बारीक धार सहा मुली आणि पंचवीस पर्सा वाटून घेणार, आणि फोटो-सही चढवता चढवता रात्रीचे बारा वाजणार.

त्याच आदेशात वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर गेला की ग्राहकास कळवावे, असेही होते. असे संदेश ज्या फोनवर येतात तो उघडून वाचावा, ही माझी साधी विनंती. बँकेच्या जाहिरातींत ते हरवतात.

पुढील महिन्यात गुरुवारी दाराशीच फोनचे वायफाय बंद करावयाचे ठरले. काही जणींनी कुरकुर केली, पण केले. महिनाअखेर एकंदर खर्च एक्याऐंशी जी.बी. मुलींचा अभ्यास जसाच्या तसा चालू होता. फक्त त्यांना पाठ ४८० च्या चित्रावर पाहावयास सांगितले. तासाला सुमारे अर्धा जी.बी. पुरतो आणि फळ्यावरची अक्षरे नीट दिसतात. मला विचाराल तर, मुलींना बंद करण्याची ती सूचना आता इतिवृत्तातून रीतसर मागे घ्यावी.

वही राउटरखाली खिळ्याला टांगली आहे, पेन्सिल दोरीने बांधली आहे. मी आठ दिवस नागपूरला जाणार आहे. तेव्हा येत्या गुरुवारची नोंद कोण घेणार, ते चहापूर्वीच ठरवू या.