उतारवयातला घरबसल्या धंदा : सुरुवात परसातल्या रातांब्यापासून



आजचे बोलणे पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी आहे. त्यातही मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेल्या चाकरमान्यांनी आणि त्यांच्या घरच्या मंडळींनी ते जरा जवळ बसून ऐकावे.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात घरोघरची चूल कित्येक वर्षे मुंबईच्या मनिऑर्डरवर पेटली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार कामाबाहेर गेले. पुष्कळजण चाळिशी-पन्नाशीत गावी आले. हातात साचा चालवण्याचे कसब, आणि गावी मात्र भाताची चार गुंठे जमीन. २०२० साली टाळेबंदीतही माणसे अशीच अवचित परतली. कोणी संपाने येतो, कोणी साथीने, कोणी रीतसर निवृत्त होऊन. प्रश्न एकच असतो. नांगर धरवत नाही, झाडावर चढवत नाही, मुलांपुढे हात पसरायचा नाही. मग घरी बसून चार पैसे मिळवायचे कसे?

याचे उत्तर आपण बहुधा चुकीच्या टोकाकडून शोधतो. फंडाचे पैसे हाती आले की आधी यंत्र घेतो, मग त्या यंत्राला काम शोधतो. माझ्या फिरतीत एका गावी पडवीत द्रोणांचे यंत्र गोणपाटाखाली झाकलेले पाहिले. विकणाऱ्याने सांगितले होते, कच्चा माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच उचलू, तुम्ही नुसते घरी बसून चालवा. दोन खेपा माल उचलला, पुढे कोणी फिरकले नाही. त्या गृहस्थांची निम्मी जमापुंजी त्या गोणपाटाखाली आहे. जो आधी तुमच्याकडून पैसे घेतो आणि मग तुम्हाला काम देतो म्हणतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा. विकत घेण्याची हमी तोंडी असेल तर ती हमीच नव्हे.

तेव्हा आपल्या परसात काय पडून वाया जाते, ते आधी बघा. रातांबा बघा. एप्रिल-मेमध्ये झाड लालभडक होते. निम्मी फळे आपण काढतो, उरलेली जूनच्या पहिल्या पावसात कुजतात. या फळात काम असे आहे की ते बसून करता येते, सावलीत करता येते, आणि यंत्रावाचून करता येते.

पण रातांब्याचे काय करायचे हे वयाप्रमाणे आणि खिशाप्रमाणे ठरवावे. सर्वांना ठाऊक आहे ते आमसूल. साल मीठ घातलेल्या रसात भिजवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा रसात घालायची, अशी पाच-सात पुटे द्यायची. माल उत्तम होतो, वर्षभर टिकतो. पण मे महिन्याच्या उन्हात खळ्यात वाकून साल पसरायची आणि संध्याकाळी गोळा करायची, हे साठीच्या कमरेचे काम नव्हे. शिवाय वळवाचा पाऊस आला की धावपळ. घरात तरणी सून किंवा नातू असेल तरच आमसुलाच्या मागे लागा.

अमृत कोकमाला गिऱ्हाईक चटकन मिळते, हे खरे. पण हिशेब करा. १०० किलो फळातून साधारण निम्मी, म्हणजे ५० किलोच्या आसपास साल निघते. सरबतासाठी सालीच्या सुमारे दुप्पट साखर लागते, म्हणजे १०० किलो. ५० किलोची दोन पोती साखर आधी रोखीने घरात आणायची आणि बाटल्या कधी खपतील ते ठाऊक नाही! पहिल्याच वर्षी हे धाडस करू नये.

माझ्या मते नवशिक्याने आगळापासून सुरुवात करावी. त्याला साखर लागत नाही, मीठ लागते. किलोभर सालीला साधारण १५० ते २०० ग्रॅम मीठ, म्हणजे त्याच ५० किलो सालीला साडेसात ते दहा किलो. कृती अशी. पूर्ण पिकलेली, न डागाळलेली फळे स्वच्छ धुवून पुसून घ्यावीत. चिरून बी-गर वेगळा करावा. बरणीत सालीचा एक थर, मिठाचा एक थर असे भरावे. रोज एकदा कोरड्या लाकडी कालथ्याने तळापासून ढवळावे. सात-आठ दिवसांत सालीला भरपूर पाणी सुटते. ते स्वच्छ फडक्यातून गाळून कोरड्या बाटल्यांत भरावे. सोलकढीला लागते तेच हे आगळ. मिठात हात राखू नका. मीठ कमी पडले की आगळ फसफसते आणि सगळी मेहनत जाते. भांडे चिनी मातीचे, काचेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या. अॅल्युमिनियमची पातेली, लोखंडी घमेली चालणार नाहीत, रातांब्याचे आम्ल धातूला खाते आणि तो धातू मालात उतरतो.

बी फेकू नका. धुवून, वाळवून पोत्यात भरून ठेवा. श्रावणात पाऊस घराबाहेर पडू देत नाही, तेव्हा बी फोडून, कुटून, पाण्यात उकळावे. वर तरंगणारे तेल काढून घ्यावे, निवले की ते गोठते, मग मुठीने गोळे वळावेत. हेच आपले मुठेल. टाचांच्या भेगांवर आपल्या आज्या लावत, आता शहरात त्याला मुद्दाम मागणी असते.

फळे काढायला मात्र स्वतः झाडावर चढू नका. गावातल्या एखाद्या पोराला अर्धलीने काढायला द्या. साठीनंतर मोडलेले हाड वर्षाची कमाई घेऊन जाते.

विक्रीचे काय? इथेच घोडे अडते. म्हणून पहिल्या वर्षी फक्त दहा किलो फळांचा माल करा. एका वहीत लिहा : फळ किती, मीठ किती, बाटल्या कितीच्या, आणि आपण दोघे किती तास बसलो. ते तास फुकटचे धरू नका. घरच्या मेहनतीची मजुरी धरून जो आकडा येतो तोच खरा खर्च. हा माल मे महिन्यात आलेल्या पाहुण्यांना द्या, पण विकत द्या. भिडेपोटी फुकट वाटलेल्या बाटलीवरून तिला बाजार आहे की नाही ते कळत नाही. गणपतीला तेच लोक पुन्हा मागतात का ते बघा. मागितले तर पुढच्या वर्षी पन्नास किलो. अनोळखी गिऱ्हाइकाला विकायचे झाल्यास अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी करून घ्यावी लागते. आपल्या भागातल्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण आपले गाव रत्नागिरीत आहे एवढ्यावर ते चिन्ह बाटलीवर छापता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे लागते.

एकट्याने दुकानदाराशी घासाघीस करणे जड जाते. मुंबईत गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच आजची लिज्जत. तिथे पीठ मळणे आणि विक्री संस्थेकडे, लाटणे मात्र ज्या बाईचे तिच्या घरी. वाडीतल्या चार-पाच घरांनी अशीच वाटणी करावी. बाटल्या, मीठ एकदम आणावे, माल एका नावाने विकावा, पण बरणी प्रत्येकाच्या माजघरात.

आता पन्नाशीच्या आतल्यांसाठी दोन शब्द. बियांपासून लावलेल्या रातांब्यात सुमारे निम्मी झाडे नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षे जातात. म्हणून मादी झाडापासून केलेली कलमेच लावा. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण अमृता ही जात काढली आहे. तिची फळे पावसाआधी तयार होतात, हा मोठा फायदा. २० बाय २० फुटांवर लावलेली पाच-सहा कलमे घरापुरती पुष्कळ झाली. आंब्याची कोय कलमे बांधणे हाही बसून करायचा चांगला धंदा आहे, पण त्याला नजर तीक्ष्ण लागते आणि विक्रीसाठी रोपवाटिकेचा परवाना लागतो.

कोकमाचे काम अंगावर घ्यायचे असेल तर बरण्या, मीठ आणि वही मार्चअखेर घरात हवी. पहिल्या खेपेत काही अडले, आगळ फसफसले किंवा भाव ठरेना, तर पंचायत समितीच्या कृषी विभागात किंवा गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे जरूर या. येताना ती वही बरोबर आणा, म्हणजे नेमके कुठे बिनसले ते बघता येईल.