शस्त्र चालवण्यापूर्वीचा हिशेब



मी वैद्य नव्हे, युनियनचा माणूस. जे सांगणार आहे ते वाचून आणि जाणत्यांना विचारून मिळवलेले आहे.

जोडलेली जुळी जन्मली की लोक विचारतात, 'यांना वेगळे कधी करणार?' शस्त्रवैद्याचा प्रश्न निराळा असतो : 'या दोघांत सामाईक काय आहे?'

सयाममध्ये १८११ साली जन्मलेले चँग व एंग हे बंधू छातीच्या खालच्या टोकाशी मांसाच्या एका पट्ट्याने जोडलेले होते. १८२९ साली त्यांना अमेरिकेत नेऊन तिकीट लावून दाखवण्यात आले. डॉक्टरांनी त्यांना तपासले. पण पट्ट्याच्या आत पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते. १८७४ साली चँग वारला आणि काही तासांत एंगही. शवविच्छेदनात कळले की, दोघांची यकृते त्या पट्ट्यातून जोडलेली होती. निदान झाले, ते मेल्यावर!

आज सोनोग्राफीत पहिल्या तीन महिन्यांतही असा जोड ओळखता येतो. जन्मानंतर एकेका अवयवाची मोजदाद होते. यकृत विभागता येते. पण पित्तनलिका कुणाच्या, हे आधी कळले पाहिजे. हृदयाचे कप्पेच एकमेकांत मिसळले असतील, तर दोघांना वाचवणे बहुधा अशक्य. एकाचे रक्त दुसऱ्याच्या अंगात किती खेळते तेही पाहतात. कारण एकाला दिलेले गुंगीचे औषध दुसऱ्याला चढू शकते. जखम झाकायला कातडी पुरणार नसेल, तर कातडीखाली फुगे बसवून ती आधी वाढवतात.

एवढा हिशेब चोख झाला तरी प्रश्न सुटतोच असे नाही. २००० साली मँचेस्टर येथे दोन जुळ्या बहिणी जन्मल्या. एकीचे हृदय व फुप्फुसे निकामी होती. ती बहिणीच्या हृदयावर जगत होती. वेगळ्या केल्या तर ती जाणार. न केल्या तर काही महिन्यांत दोघीही. आईबाप 'नको' म्हणाले. न्यायालयाने शस्त्रक्रियेला परवानगी दिली. एक वाचली, दुसरी गेली.

हा निकाल आपणांस पटो वा न पटो. डॉक्टरांचा हिशेब पुढे नसता, तर न्यायाधीशांनी निवाडा कशावर केला असता? म्हणून माझी मागणी एवढीच की, शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी आईबापांना जवळ बसवून हा सारा हिशेब त्यांच्या भाषेत सांगावा. पगाराचा हिशेब न दाखवता कामगाराची सही घेऊ नये, असे आम्ही म्हणतो; इथे तर लेकरांचा जीव आहे. आणि 'वेगळे करू नये' हेही कधी कधी वैद्यकाचेच उत्तर असते, हे त्यांना कळू द्यावे.