डाव्या बरगडीखालची पानथरी
(बिरसी येथील आरोग्य मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



आपल्या धडाची पोकळी श्वासपटल नावाच्या स्नायूच्या पडद्याने दोन भागांत विभागलेली आहे. वर छातीत हृदय व फुप्फुसे, खाली पोटात जठर, यकृत व आतडी. यकृत उजव्या बरगड्यांखाली असते, हे पुष्कळांना ठाऊक असते. डाव्या बाजूस, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असलेल्या पानथरीची मात्र सहसा कोणास आठवण होत नाही. वैद्यकशास्त्र तिला प्लीहा म्हणते. प्रौढ व्यक्तीत तिचे वजन सुमारे १५० ग्रॅम असते. जीर्ण झालेल्या तांबड्या पेशी गाळून काढणे व रक्तातील जंतूंचा बंदोबस्त करणे, ही तिची कामे. निरोगी असताना ती सहसा हातास लागत नाही.

गोंदिया जिल्ह्यात तिच्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे, ते सिकलसेल आजारामुळे. निरोगी तांबडी पेशी वाटोळी व लवचिक असून सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू कमी पडताच ती धान कापणीच्या विळ्यासारखी वाकते, ताठर होते आणि बहुधा १० ते २० दिवसांतच नष्ट होते. अशा पेशी पानथरीच्या अरुंद वाटांत अडकतात. लहान मुलांत कधी कधी काही तासांतच बरेचसे रक्त तेथे साचते. मूल पांढरेफटक पडते, मलूल होते, डाव्या बरगडीखाली फुगवटा येतो. तातडीने उपचार न मिळाल्यास प्राणावर बेतते.

म्हणून मातांना माझी विनंती आहे. मुलाला हा आजार असल्यास त्याला उताणे निजवून, पोट सैल असताना, डाव्या बाजूस खालून वर हलकेच बोटे न्यावीत. ही रीत डॉक्टरांकडून वा परिचारिकेकडून एकदा शिकून घ्यावी. पानथरी कालपेक्षा मोठी लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

पुढे वारंवार इजा होऊन पानथरी आक्रसू शकते. ती हाती लागेनाशी झाली म्हणजे रोग बरा झाला, असे समजू नये. जंतूंचा पहारेकरीच गेलेला असतो. अशा मुलाचा ताप, तसेच छातीत दुखणे वा धाप लागणे, साधे समजू नये. लसीकरण पूर्ण करावे, पाणी भरपूर पाजावे, हायड्रॉक्सियुरिया सुरू असल्यास ते मनाने बंद करू नये.

हा आजार माता व पिता अशा दोघांकडून येतो. एकट्या आईस दोष देणे अन्यायाचे आहे. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. २०२३ साली केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. विवाहापूर्वी पत्रिकेबरोबर रक्ताचा अहवालही पाहावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.